मोरीत बसून काढलेला फोटो

तुमच्या घरात तुमचा एकटीचा असा एक तरी बरा फोटो आहे का हो? हातातलं काम बाजूला ठेवून एकदा शोधाच. लग्नाचा अल्बम धरायचा नाही, त्यात आपण एकट्या कुठे असतो? बारशाचा नको, तिथे मांडीवर बाळ असतं आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. आधार कार्डावरचा तर बोलायलाच नको. आपण एकट्या, नीट बसलेल्या आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या, असा एक. मी शोधला. माझा एक मिळाला, बी.ए.च्या पदवीदानाचा, तोही भाड्याच्या काळ्या झग्यातला. माझ्या आईचा मात्र औषधालाही मिळाला नाही.

मोबाइल घरोघरी आल्यापासून फोटोंना तोटा नाही हे खरं. आईसुद्धा शेकडो फोटोंत आहे. पण कशी? नातवाच्या केकमागे अर्धी, गौरीपुढे पाठमोरी, पंगतीत वाढताना नुसता बांगड्यांचा हात. बहात्तर वर्षांची बाई आणि सगळीकडे कडेला! म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत माहेरी निघताना मी मनाशी ठरवलं, यंदा आईचा एक फोटो काढायचाच. नणंदेच्या मुलाकडून त्याचा चांगला कॅमेरा मागून घेतला. त्याने दोन संध्याकाळी बसून तो मला शिकवला. आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मांडीवर चकल्यांचा डबा व पोटाशी कॅमेरा धरून कराडहून कोयना एक्स्प्रेसमध्ये बसले. ‘हे’ म्हणाले, “मोबाइलने काढला असतास तरी चाललं असतं.” चाललं नसतं. ते का, ते पुढे सांगते.

माझं माहेर मुंबईला, नायगावच्या बी.डी.डी. चाळीत. दादरला उतरून पूर्वेला थोडं चाललं की आलंच. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली हे खातं निघालं आणि पुढच्या काही वर्षांत त्याने गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. नायगावात ४२. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्याला वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सातारा जिल्ह्यातून गिरणीत आले ते या खोलीत राहिले आणि इथेच गेले.

चाळ म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे गिरगावातली लाकडी कठड्याची गॅलरी येत असेल. लोणची-पापड वाळत घातलेली, ऊन खाणारी. इथे तसं नाही. इथे इमारतीच्या पोटातून एक लांबच लांब पॅसेज जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. त्यामुळे पॅसेजमध्ये भर दुपारीही दिवा लागतो. दिवाळीत मात्र वीस दारांवर वीस आकाशकंदील लागले की तो पॅसेज असा दिसतो, की बाई, आत शिरावंसंच वाटत राहतं. बाकी वर्षभर उजेड काय तो खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या एका खिडकीतून.

आता या चाळी जाताहेत. नायगावच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. आमच्या इमारतीची पाळीही आता जवळ आली आहे. मला याचं वाईट वाटतं असं समजू नका. चाळीचं कौतुक चाळीबाहेरच्या लोकांना फार. पावसाळ्यात रात्री अकरा वाजता पॅसेजच्या टोकाला बादली घेऊन रांग लावली की कौतुक आपोआप उतरतं. नव्या घरात आतच संडास-बाथरूम, वहिनीला बसायला वेगळं स्वयंपाकघर. कोण नाही म्हणेल? पण आईचं सबंध लग्नानंतरचं आयुष्य ज्या खोलीत गेलं, त्या खोलीत तिचा फोटो काढायचा असेल तर तो आताच काढायला हवा होता.

स्टुडिओत का नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर आईचे गुडघे. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिने उतरायचे म्हणजे तिला सकाळपासून मनाची तयारी करावी लागते. आणि दुसरं कारण आमच्या दारावरच आहे.

दारावर अण्णांचा फोटो आहे. २००९ साली अण्णा अचानक गेले, आणि तेराव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. त्यांचाही एकट्याचा फोटो नव्हता. शेवटी भजनी मंडळाच्या सामुदायिक फोटोतून त्यांचं डोकं तेवढं उचललं. मांडीवर पखवाज होता, खांद्यावर शेजाऱ्याचा हात होता. ते सगळं झाकायला फोटोवाल्याने संगणकावर त्यांना निळा कोट आणि लाल टाय घातला. मागे ढगांचं आकाश. ज्या माणसाने लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता, तो गेली कित्येक वर्षं आमच्या दारावर कोटात बसला आहे. माझ्या भाचीला अण्णा आठवतच नाहीत. तिला विचारलं तर ती सांगते, “आजोबा साहेब होते.”

तर पहिला दिवस. मैत्रिणींनो, लहान घरात माणसाचा फोटो काढणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आधी मोबाइलने पाहिलं. खोलीत एवढं सामान की आईपासून हातभराच्या वर मागे सरकताच येईना. फोटो आला तो पाहून आई म्हणाली, “नाक कुणाचं लावलंस हे?” खरोखरच नाक मोठं, कान कुठच्या कुठे. यात मोबाइलची चूक नाही. आपलं नाक कानांपेक्षा चार-पाच बोटं पुढे असतं. कॅमेरा हातभर अंतरावर असला की ती चार-पाच बोटं फार मोठी ठरतात आणि पुढचं नाक फुगलेलं दिसतं. पाच-सहा फूट मागे गेलं की तोच फरक नगण्य होतो आणि चेहरा आपण रोज पाहतो तसा दिसतो. म्हणजे चेहऱ्याला न्याय द्यायचा तर अंतर हवं. आणि १६० चौरस फुटांत पाच माणसांचा संसार असला की अंतर हीच एक गोष्ट घरात नसते. डाळ-तांदूळ असतो, पाहुण्यांना गादी असते, पण अंतर नसतं.

मग तो मोठा कॅमेरा काढला. त्याची भिंग अशी, की कमरेपर्यंतचं माणूस मावायचं तर आठेक फूट मागे उभं राहावं लागतं. खोलीची लांबी तेवढी आहे. आईला खिडकीशी बसवलं आणि मी दारात, जवळजवळ पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. अंतर मिळालं. पण उजेड सगळा तिच्या पाठीमागून! खिडकी पांढरीफटक, आणि आई म्हणजे नुसती काळी आकृती, बाहुल्यांच्या खेळातल्यासारखी. बरं, उलट करावं, तिला दाराकडे बसवून आपण खिडकीशी जावं, तर दारापर्यंत उजेड पोचतच नाही. खिडकीपासून दोन हातांवर जो उजेड असतो, तो चार हातांवर निम्म्याहूनही कमी होतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, डोळे सांभाळून घेतात. कॅमेरा सांभाळून घेत नाही. ट्यूबलाइट लावली तर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर भांड्यांच्या फळीवरचे सगळे डबे, तांबे, पातेली एकदम चमकली. आईऐवजी फळीचाच फोटो आला, अगदी भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसारखा.

आणि मागे काय काय! आईच्या डोक्यातून कपाटाचं हँडल उगवलेलं, खांद्यावर दादाचा टॉवेल, कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर. एरवी आपल्याला यातलं काही दिसत नाही. घर म्हणून आपण सगळं एकदम पाहतो. कॅमेऱ्यातून पाहिलं की एकेक वस्तू आपली हजेरी लावते.

त्यातून प्रेक्षक. दार उघडं, म्हणजे पॅसेजमधल्या बायका आल्याच. समोरच्या काकू म्हणाल्या, “जरा हसा की!” पलीकडच्या मावशी म्हणाल्या, “पदर डोक्यावरून घ्या, चांगलं दिसतं.” कुणी म्हणालं गच्चीवर न्या. आईचा चेहरा रेशन कार्डावरच्यासारखा होत गेला. भाचरं मधूनच पळत होती. शेवटी वहिनी म्हणाली, “वन्सं, कुकर लावायचाय, जरा सरकता का?” झालं, पहिल्या दिवसाचा कार्यक्रम तिथेच संपला.

घरात, अडचणीत फोटो काढणारी मी काही पहिली बाई नव्हे, याचा मला त्या संध्याकाळी थोडा आधार वाटला. निघण्यापूर्वी मी याबद्दल थोडंफार वाचलं होतं. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाची बाई, जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. पुढे इंग्लंडात स्थायिक झाली. १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा तिने घरातल्या कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ! आज तिने काढलेली माणसांची छायाचित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे राजा दीनदयाळ यांनी हैदराबादला १८९२ साली खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथलं काम एका इंग्रज बाईंकडे सोपवलं, कारण पडद्यातल्या बायका पुरुषापुढे बसायच्या नाहीत. कोलकात्याच्या अन्नपूर्णा दत्त (१८९४–१९७६) तर स्वतः कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जात आणि घरातल्या बायकांचे फोटो काढत. मला या सगळ्यांत कोंबड्यांचं खुराडंच जास्त आवडलं. म्हटलं, तिला खुराडं पुरलं, मग आपल्याला खोली का पुरू नये?

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी वहिनी मुलांना घेऊन तिच्या माहेरी डोंबिवलीला गेली. दादाला रात्रपाळी. त्या रात्री खोलीत आम्ही दोघीच. लग्नानंतर प्रथमच असेल. खाली अंथरूण घातलं. पॅसेजमधला कंदील दाराच्या फटीतून दिसत होता.

आई अंधारात म्हणाली, “भिंतीवर लावायलाच काढतेयस ना?”

मला काही बोलता येईना. खरं सांगायचं तर होतंच ते माझ्या मनात. म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो काढायला बसलं की प्रत्येकाच्या मनात तेच असतं. कुणी बोलत नाही एवढंच. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर जीभ उचलत नाही.

“काढ,” ती म्हणाली. “पण त्यांना कोट घातलात तसं मला मागाहून कुणी पैठणी नेसवू नका. आणि त्या मावशींना घातले तसले मोत्याचे हारही नकोत. नेसायची ती साडी मी आत्ता नेसते.”

पलीकडच्या खोलीतल्या एका आजींना त्यांच्या मुलांनी फोटोत जांभळी पैठणी नेसवली आहे, नथ घातली आहे. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या घरची धुणी-भांडी केली त्या आजी. मुलांची माया होती हो, दुसरं काही नाही. पण आईने ते मनात धरून ठेवलं होतं.

सकाळी उठून मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि आधी नुसती खोली पाहिली. तुम्हीही करून बघा. ट्यूब बंद करायची आणि तासातासाने पाहायचं, उजेड कुठे येतो, कुठवर येतो, कुठल्या वेळी मऊ असतो. आमची खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर थेट ऊन येतं, डोळे बारीक होतात, सुरकुत्या चरे पडल्यासारख्या दिसतात. सकाळी मात्र ऊन नसतं, नुसतं आकाश खिडकीतून आत येतं. अकराच्या सुमाराला तो उजेड सगळ्यांत चांगला. एरवी त्या वेळी आमच्या खिडकीशी वहिनीची पोळ्यांची परात असते. त्या दिवशी नव्हती.

आता खोलीचा नकाशा नीट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दारासमोर, पलीकडच्या भिंतीत खिडकी. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात मोरी, तिला लागून ओटा. डाव्या भिंतीला दाराकडून लोखंडी कॉट, आणि कॉट संपून खिडकी येईपर्यंत जी तीन-साडेतीन फूट मोकळी जमीन उरते, ती अण्णांची जागा. पाळीवरून आले की ते तिथे भिंतीला टेकून बसायचे, खिडकीच्या उजेडात पेपर वाचायचे. लांबीच्या बाजूने फोटो काढायला गेलं की खिडकी पाठीमागे येते, हे पहिल्या दिवशी कळलं होतं. म्हणजे काढायचा तो आडवा. आईला डाव्या भिंतीशी बसवायचं, म्हणजे खिडकी तिच्या एका बाजूला येईल, आणि आपण समोरच्या उजव्या भिंतीशी. पण उजव्या भिंतीशी काय आहे? मोरी!

मग काय, बादल्या उचलून पॅसेजमध्ये ठेवल्या, पिंप सरकवलं, दगड पुसून घेतला आणि मोरीत पाट टाकून मी बसले. पाठ थेट नळाला टेकवली. मोजून पाहिलं, आईच्या डोळ्यांपासून माझ्या डोळ्यांपर्यंत सात फुटांच्या वर अंतर. सबंध घरात फोटोला लागतं तेवढं अंतर आणि लागतो तसा उजेड एकाच वेळी मिळणारी तेवढी एकच जागा होती, आणि ती मोरी होती. शिवाय आई जमिनीवर, मीही जमिनीवर, त्यामुळे कॅमेरा बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत. उभं राहून बसलेल्या माणसाचा फोटो काढला की माणूस दबल्यासारखं दिसतं, हे मी आमच्या शाळेतल्या फोटोंत किती वेळा पाहिलंय.

भिंतीचा प्रश्न राहिला. चाळीत बहुतेक घरांत असतो तसा आमच्याही भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट. असल्या भिंतीवरून उजेड उसळतो तो हिरवा होऊन, आणि जवळ बसलेल्या माणसाच्या गालावर पडतो. आजारी दिसतं माणूस. शिवाय त्या जागी भिंतीवर एक मोठा काळपट डाग आहे. तो अण्णांच्या डोक्याचा. इतकी वर्षं खोबरेल लावलेलं डोकं तिथे टेकत होतं. दादाने दोनदा रंग काढला, दोन्हीदा वर्षभरात डाग पुन्हा वर आला. मी ट्रंकेतली पांढरी चादर काढली, चार खिळ्यांना बांधून भिंतीवर ताणली. मागचं सगळं एकदम झाकलं गेलं. स्टुडिओच झाला की!

आईने तोवर साडी नेसली होती, दादाच्या लग्नातली, नारायणपेठ, डाळिंबी रंगाची. माझ्या मनात तिची रोजची सुती साडी होती, मऊ पडलेली, तिच्या अंगाची झालेली. मी म्हटलंही तसं. ती म्हणाली, “फोटो माझा की तुझा?” मग तिने आरशात पाहून कपाळाला एक बारीक काळी टिकली लावली. अण्णा गेल्यापासून ती लावत नाही. मी काही बोलले नाही, तीही काही बोलली नाही.

येऊन बसली, मागे वळून पाहिलं, आणि म्हणाली, “ही चादर काढ.”

“अगं, तो डाग दिसेल.”

“दिसू दे ना. ते जाग्यावर असतात तिथं.”

मी चादर सोडली. पण ती वाया गेली नाही. तीच कॉटच्या गजांवर टाकली, आईच्या दुसऱ्या अंगाला, हातभर अंतरावर. खिडकीचा उजेड त्या पांढऱ्या कापडावर पडून परत तिच्या सावलीतल्या गालावर येऊ लागला. चेहऱ्याची काळी बाजू उजळली आणि हिरवी छटा बरीच गेली. एवढ्या साध्या उपायाने इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. चादर नसेल तर पांढरं धोतर घ्या, पंचा घ्या. मात्र रंगीत काही नको, त्याचाच रंग गालावर चढतो. चष्म्यात खिडकी चमकत होती म्हणून तिला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली, तीही अडचण गेली.

साठ-सत्तर फोटो काढले असतील. पहिले वीस तर ताठच. मग मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिला तिचा फोटो दाखवला, आणि गंमत झाली. आई आरशात फक्त भांग पाडण्यापुरती पाहणारी बाई. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “मान वाकडी झालीय माझी डाव्या अंगाला. कधीपासून गं?” मग स्वतःच सांगायला लागली. हात असे ठेवते. पदर इथे घे. आता काढ. आता नको. मी मोरीतून हुकूम झेलत होते. मधे एकदा नळाचं राहिलेलं पाणी टपकलं ते माझ्या मानेवर. मी किंचाळले, आणि आई खळखळून हसली. तोंडाला हात लावायचंही विसरली. तेवढ्यात बोट दाबलं गेलं. तो फोटो मला सगळ्यांत आवडतो.

तिला नाही आवडला. तिने निवडला तो दुसरा. त्यात ती हसत नाही. सरळ समोर बघते, हात मांडीवर एकावर एक, डाव्या खांद्यामागे तो डाग, गोल, काळसर, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा. मी म्हटलं, हसरा घेऊ या ना. तर म्हणते, “हसणारी ही बाई बरी आहे, पण ही कोण ते मला माहीत नाही. हा माझा.” मला अजूनही हसराच बरा वाटतो, पण मी तिचा घेतला. तोपर्यंत मला थोडी अक्कल आली होती.

कराडला परतल्यावर त्याची आठ बाय दहा इंचांची प्रत काढून घेतली. दुकानातल्या मुलाने विचारलं, “मावशी, मागचा डाग काढून टाकू? एका मिनिटाचं काम आहे. चेहराही थोडा गुळगुळीत करतो.” बिचारा फुकटच करत होता. मी त्याला नको म्हटलं. का ते सांगत बसले नाही.

प्रत दादाबरोबर पाठवली. आईने ती भिंतीवर लावली नाही. साड्यांच्या ट्रंकेत, डाळिंबी नारायणपेठेच्या घडीत ठेवली आहे. फोनवर म्हणाली, “नव्या घरात नेईन. कुठं लावायची ते तुम्ही बघा, मी कशाला बघू?” आणि लगेच, “तुझ्या पोराचा खोकला गेला का?”

पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. त्या दिवशी आमचं आटोपलं आणि मी बादल्या आत घ्यायला दार उघडलं, तर दारात समोरच्या काकू उभ्या. ठेवणीतली साडी, हातात स्वतःची पांढरी चादर. म्हणाल्या, “माझाही एक काढशील का गं? एकटीचा.” त्यांच्या मागे पलीकडच्या मावशी, आणि त्यांच्या मागे त्यांची सून, केस विंचरत. पॅसेजमधल्या सगळ्या खोल्या आमच्यासारख्याच, पण प्रत्येकीला आपल्याच घरात बसायचं होतं, आपल्याच भिंतीपुढे. संध्याकाळपर्यंत मी सात मोऱ्यांत बसले. एकीच्या मोरीत साबण होता, तिथून घसरले, कॅमेरा वाचला, कोपर फुटलं. दुसऱ्या दिवशी सर्दी झाली ती वेगळीच. तेव्हा तुम्ही काढायला बसाल तर मोरी आधी कोरडी करून घ्या, आणि नळाला फडकं बांधा.